हिरव्या भुशाचे आल्प्स

खेळण्यातल्या रेल्वेचा नाद लागलेला मराठी माणूस आयुष्यातला पहिला डोंगर बांधतो तो स्वित्झर्लंडमध्ये. राहतो डोंबिवलीला, डब्यावर अक्षरे ‘मध्य रेल्वे’ची, स्टेशनावर पाटी खंडाळ्याची, पण मागे पाहावे तर डोंगराला निमुळते टोक, टोकावर चुन्याचा बर्फ आणि उतारावर हिरव्या भुशात कवायतीला उभी असलेली ख्रिसमसची झाडे! या देखाव्यांविरुद्ध माझी तक्रार आहे आणि आज ती मी चारचौघांत मांडणार आहे.

कोणी म्हणेल, तयार झाडे परदेशी खोक्यांतून येतात, त्याला आम्ही काय करणार? कबूल. पण डोंगर तर खोक्यातून येत नाही ना? तो तुम्हीच करता. मग सह्याद्री करायला काय धाड भरली? सह्याद्री म्हणजे लाव्हारसाचे थरावर थर. म्हणून तर त्याच्या माथ्यावर पठार आणि अंगावर पायऱ्या. जुन्या खोक्यांचे पुठ्ठे कापून एकावर एक चिकटवले की निम्मा सह्याद्री आपोआप उभा राहतो. आमचे बहाद्दर त्या पायऱ्या प्लास्टरने लिंपून गुळगुळीत करतात आणि वर टोक काढतात! त्यापेक्षा वाड्यातली पोरे शहाणी. दिवाळीचा किल्ला करताना विटांवर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकतात. त्याच्या घड्या पडतात, कडे होतात, घळी होतात. चिखलाऐवजी प्लास्टर आणि गोणपाटाऐवजी जुने धोतर घेतले की झाला बोरघाट. हे ज्ञान आपल्याला आठव्या वर्षी असते. पगार सुरू झाला की जाते.

आता रंग. हिरवा रंग ही या छंदाला झालेली कावीळ आहे. फक्त दिसते हिरवे. आपला डोंगर चार महिने हिरवा, आणि तेव्हाही मधूनमधून काळा कातळ डोकावणारच. उरलेले आठ महिने तो वाळल्या गवताचा, मातकट, कुठे वणव्याने काळवंडलेला. लांबचा डोंगर तर फिका आणि निळसर दिसतो, कारण मध्ये हवा असते. पण आमच्याकडे मागच्या भिंतीवरचा डोंगर पुढच्यापेक्षा गडद. पाच कोसांवरून अंगावर धावून येतो!

खडीची तीच कथा. एचओ नावाच्या मापात सगळे 87 पट लहान असते. पाच-सहा सेंटीमीटरची खडी तिथे पाऊण मिलिमीटरहूनही बारीक, म्हणजे रव्याएवढी हवी. लोक पाच मिलिमीटरचे खडे टाकतात. पाऊण इंचाच्या माणसाच्या दृष्टीने ते जवळजवळ दीड फुटाचे धोंडे झाले! त्या स्टेशनावर गाडी पकडायला गिर्यारोहकच हवेत. बारीक चाळलेली काळी कच पसरावी, पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून ती हळूच भिजवावी. साबणामुळे पाणी वर गोळ्या होऊन न बसता आत शिरते. आणि वाळल्यावर तिच्यावर तांबूस हात फिरवावा, कारण ब्रेक घासून लोखंडाची जी धूळ उडते ती गंजून रुळांशेजारीच बसते.

इथे घरातून हरकत येते. “घरातले डबे घासूनपुसून मी ठेवायचे, आणि तुम्ही नवेकोरे डबे मळवत बसायचे!” मेव्हणे त्यात भर घालतात, “फुकटची घाण ठाण्याला रोज बघतोच की. खेळात तरी स्वच्छता असू दे.” मेव्हण्यांना मी एवढेच सांगतो, की पातळ तपकिरी रंग लावून फडक्याने पुसला आणि सांधीकोपऱ्यांत तेवढा राहिला, की तो डबा कुठेतरी जाऊन आल्यासारखा दिसतो. न मळलेली आगगाडी म्हणजे कधीच न सुटलेली आगगाडी.

आणि हा नुसता खेळ नाही हो. रॉय इंग्लंड नावाचा एक तरुण 1925 साली ऑस्ट्रेलियातून इंग्लंडात आला. तिथल्या गवती छपरांची जुनी घरे डोळ्यांदेखत बदलत चाललेली पाहून तो कासावीस झाला आणि एकेक घर हुबेहूब, 76 पट लहान करून ठेवू लागला. त्यातून पेंडनचे संग्रहालय उभे राहिले. 1930च्या आसपासचे ते खेडे आजही तिथे बघायला मिळते. आमच्याकडे काय? 1863 साली बोरघाट सुरू झाला तेव्हा चढ 37 फुटांना एक फूट. वाटेत गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचे आणि उलट दिशेने पुढचा घाट चढायचा. ते उलट फिरण्याचे स्टेशन 1929 साली बंद झाले. वाफेचे इंजिन गेले, हात वरखाली करणारे सिग्नल गेल्यात जमा. नातवाने उद्या विचारले, “आजोबा, घाट कसा होता?” तर काय दाखवणार? बर्फ?

आपल्याला आपला डोंगर देखणा वाटत नाही, हे खरे दुखणे आहे. भुसा हे नुसते लक्षण. पिवळ्या गवताची लाज वाटते, गंजाची वाटते, पत्र्याच्या टपरीची तर फारच. म्हणून आपण दुसऱ्याचा देश विकत आणतो आणि त्यातून आपली गाडी पाहुण्यासारखी अंग चोरून नेतो.

तेव्हा रंगाच्या दुकानात जाल तर हिरव्याची डबी लहान आणा, मातकटाची मोठी आणा. आणि ज्यांना बर्फच हवा असेल त्यांनी तो खुशाल पाडावा. फक्त खंडाळ्याची पाटी तेवढी काढून ठेवावी.