‘काय, आज हाफ डे का?’ टोमणा नाते कधी जपतो आणि कधी तोडतो?

सिनेमाला अर्धा तास उशिरा पोहोचलेल्या मित्राला ‘लवकर आलास रे, अजून इंटरव्हल व्हायचंय’ असे म्हटले, की तो हसतो, कान पकडतो आणि पॉपकॉर्नचे पैसे देतो. संध्याकाळी सहाला बॅग उचलणाऱ्या कर्मचाऱ्याला साहेबांनी ‘काय, आज हाफ डे का?’ असे विचारले, की तो कसनुसा हसतो आणि पुन्हा खुर्चीत बसतो. दोन्ही वाक्ये उपरोधिक आहेत आणि दोन्ही हसतच म्हटलेली आहेत. तरी पहिल्याने मैत्री शाबूत राहते आणि दुसऱ्याने मनात अढी बसते. हा फरक शब्दांतून येतो की नात्यातून?

उपरोध म्हणजे नेमके काय?

बोलायचे एक आणि सुचवायचे दुसरे, पण समोरच्याला कळेल अशा बेताने, म्हणजे उपरोध. खोटे बोलणारा आणि उपरोधाने बोलणारा, दोघेही मनातले बोलत नाहीत. मात्र खोटे बोलणाऱ्याला आपला डाव कळू नये असे वाटते, तर उपरोधाने बोलणाऱ्याला तो कळलाच पाहिजे असे वाटते. शाळेच्या व्याकरणात ‘व्याजस्तुती’ नावाचा अलंकार असतो. वरवर स्तुती आणि आतून निंदा, किंवा याच्या उलट, असे त्याचे स्वरूप. संस्कृत काव्यशास्त्राने तर आवाजाच्या चढउताराला ‘काकु’ असे वेगळे नावच दिले. ‘तू फार शहाणा आहेस’ हे वाक्य कौतुकाचे की रागाचे, हे शब्दांवरून ठरत नाही, सुरावरून ठरते.

भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी 1975 मध्ये मांडले, की संभाषणात माणसे एकमेकांना सहकार्य करतात असे आपण गृहीत धरतो. त्यामुळे कोणी उघडपणे खरे नसलेले काही बोलले, की ऐकणारा आपसूक त्यामागचा खरा अर्थ शोधू लागतो. डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्रे विल्सन यांनी 1981 मध्ये आणखी पुढचा विचार मांडला. त्यांच्या मते उपरोध हा बहुतेक वेळा प्रतिध्वनी असतो. सहलीला निघाल्यावर धो धो पाऊस लागला आणि कोणी ‘वा, काय छान हवा आहे!’ म्हणाले, तर ते सकाळी सगळ्यांनी धरलेल्या आशेचाच उच्चार करत असते. म्हणजे उपरोध कळायला दोघांची अपेक्षा आधी एक असावी लागते. सिनेमाला वेळेवर भेटायचे ठरलेलेच नसेल, तर ‘लवकर आलास’ या बोलण्याला काहीच अर्थ उरत नाही.

स्तुतीच्या शब्दांत निंदा सहज का कळते?

‘काय सुंदर अक्षर आहे!’ हा टोमणा कोणालाही चटकन कळतो. उलट ‘काय भिकार लाडू झालेत, आणखी दोन दे’ हे कौतुक फक्त घरातल्या माणसाला कळते. रॉजर क्रूझ आणि सॅम ग्लक्सबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये याचे कारण सांगितले. अक्षर चांगले असावे, माणसाने वेळेवर यावे, काम नीट व्हावे, अशाच सर्वांच्या अपेक्षा असतात. टोमणा या अपेक्षेची आठवण करून देतो. लाडू बिघडावेत अशी मात्र कोणाचीच अपेक्षा नसते. त्यामुळे निंदेच्या शब्दांतले कौतुक कळण्यासाठी दोघांमध्ये आधीची काही देवाणघेवाण लागते. म्हणूनच जिवलग मित्र एकमेकांना शिव्या घालून प्रेम करतात आणि परक्या माणसाशी तसे बोलायची कोणाची हिंमत होत नाही.

मग सरळ का बोलत नाहीत?

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांच्या सभ्यतेच्या सिद्धांतात याचे एक उत्तर आहे. प्रत्येक माणूस चारचौघांत आपला मान सांभाळत असतो आणि तक्रार, नकार किंवा सूचना या मानाला धक्का देते. असा धक्का द्यायची वेळ आली, की माणसे आडवळणाने बोलतात. उपरोध हे त्यातले एक आडवळण. बोलणाऱ्याला तक्रार करता येते आणि ऐकणाऱ्याला ‘आपल्याला सुनावले’ हे उघड मान्य न करता चूक सुधारता येते.

हाउसिंग सोसायटीच्या सभेत कोणी उठून ‘तुम्ही निष्काळजी आहात’ म्हणाले, तर भांडण ठरलेलेच. त्याऐवजी ‘महिनाभर लिफ्ट बंद ठेवल्याबद्दल कमिटीचे आभार, सगळ्यांचे गुडघे सुधारले’ असे कोणी म्हटले, तर सभागृहात हशा पिकतो. सेक्रेटरीही हसतात आणि मेकॅनिकला फोन केल्याचे सांगतात. तक्रार पोहोचलेली असते आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात समोरासमोर आल्यावर कोणाला मान खाली घालावी लागत नाही.

भाजी मंडईत तर हे रोजच घडते. गिऱ्हाइकाने भाव निम्म्यावर आणला, की भाजीवाली म्हणते, ‘ताई, त्यापेक्षा फुकटच न्या की!’ सरळ ‘परवडत नाही, जा’ म्हटले तर गिऱ्हाईक शेजारच्या गाळ्यावर जाईल. या एका वाक्यात नकारही आहे आणि पुढच्या वेळी येण्याचे आमंत्रणही. व्यवहारात जिची बाजू कमजोर, तिने उपरोधाच्या जोरावर स्वतःचा भाव आणि मान दोन्ही राखलेले असतात.

संशोधन काय सांगते?

शेली ड्यूज, जोन कॅप्लन आणि एलन विनर यांनी 1995 मध्ये ‘हे सरळ का सांगू नये?’ हाच प्रश्न घेऊन प्रयोग केले. सरळ टीकेपेक्षा उपरोधिक टीका लोकांना कमी बोचरी आणि जास्त गमतीदार वाटते, बोलणाऱ्याचा रागावर ताबा असल्याचे दिसते आणि नात्याचे नुकसानही कमी होते, असे त्यांचे निष्कर्ष होते. रेमंड गिब्ज यांनी 2000 मध्ये मित्रमैत्रिणींच्या 62 संभाषणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे 8 टक्के बोलणे कोणत्या ना कोणत्या प्रकारे उपरोधिक होते. म्हणजे उपरोध हा लेखकांचा आणि नाटककारांचा खास ठेवा नाही, तो गप्पांमधला रोजचा मसाला आहे.

दुसरी बाजूही आहे. हर्बर्ट कोलस्टन यांनी 1997 मध्ये दाखवले, की उपरोधामुळे टीका सौम्य होण्याऐवजी अधिक तीव्रही होऊ शकते. आधीच चूक झालेल्या माणसाला ‘वा, कमाल केलीस!’ म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ. दोन अभ्यास, दोन उत्तरे. यातले खरे कोणते, असा प्रश्न पडतो, पण दोन्ही खरी असू शकतात. कोणते उत्तर कुठे लागू पडते, हे बोलणारे दोघे एकमेकांचे कोण लागतात यावर अवलंबून असते.

मराठीला हा फरक आधीच ठाऊक आहे?

उपरोधासाठी मराठीत एकच शब्द नाही, चांगली उतरंड आहे. कोपरखळी हसत मारली जाते आणि हसतच घेतली जाते. फिरकी घेतली जाते, चिमटा काढला जातो, त्यात थोडी कळ असते, पण वळ उठत नाही. टोमणा बोचतो. शालजोडीतला जोडा तर मान देण्याचा देखावा करत मारलेला असतो. खोचक, खवचट आणि कुजकट या शब्दांपर्यंत येता येता बोलण्याविषयीचे मत बोलणाऱ्या माणसाविषयीचे मत होऊन जाते. शब्द तेच असले, तरी कोपरखळी कोणती आणि टोमणा कोणता, हे ठरवण्याचा अधिकार बहुतेक वेळा ऐकणाऱ्याकडे असतो.

‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण तर आडवळणाच्या बोलण्याचे पूर्ण शास्त्र सांगते. बोलणे लेकीला उद्देशून, पण लागावे सुनेला. अशा बोलण्याची मेख अशी, की सुनेला त्याचे उत्तर देता येत नाही. ती बोललीच, तर ‘तुला कुठे काय म्हटलं?’ हे वाक्य तयार असते. याच म्हणीत उपरोधाचा खरा धोका लपलेला आहे.

टोमणा नेमका कुठे बिघडतो?

उपरोधाचा मऊपणा तेव्हाच खरा असतो, जेव्हा समोरच्याला तितक्याच जोरात उलट बोलता येते. उशिरा आलेला मित्र ‘गेल्या वेळी तू तर क्रेडिट्सला आला होतास’ म्हणू शकतो. भाजीवालीचे ऐकून गिऱ्हाईक ‘पिशवी पण द्या मग फुकट’ म्हणू शकते. चेंडू दोन्ही बाजूंनी टोलवता येतो, म्हणून तो खेळ राहतो.

‘आज हाफ डे का?’ या प्रश्नाला मात्र कर्मचारी ‘नाही सर, कामाची वेळ संपली’ असे सहज म्हणू शकत नाही. त्याची रजा, पगारवाढ आणि वर्षाअखेरचा शेरा त्या प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात असतो. साहेबांनी ‘आज थोडे थांबावे लागेल’ असे सरळ सांगितले असते, तर त्याला किमान कारण विचारता आले असते, अडचण सांगता आली असती. टोमण्याने हुकूम तर दिला, पण हुकमाची जबाबदारी घेतली नाही. घरकामाला येणाऱ्या बाईंना ‘आज उगवलात का?’ म्हणणे, जावयाच्या पगारावरून सासरच्या मंडळींनी विनोद करणे किंवा इंग्रजी अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला वर्गात ‘या, शेक्सपिअर’ म्हणणे, हे सगळे याच जातीचे.

त्यावर हुकमी बचाव असतो तो ‘गंमत केली, मनाला काय लावून घेतोस?’ हा. मित्रांमध्ये हे वाक्य माफीच्या जवळ जाते. वरच्याने खालच्याला म्हटले, तर ते दुसरा फटका असते. आधी बोलणे ऐकायचे आणि वर विनोदबुद्धी नसल्याचा ठपकाही घ्यायचा. उपरोधात अर्थ नाकारण्याची जी सोय असते, ती कमजोर माणसाची ढाल आहे. ताकदवान माणसाच्या हातात तीच सोय पळवाट होते.

लहान मुलांच्या बाबतीत तर गणितच जुळत नाही. साधारण पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत मुलांना उपरोध नीट उमगत नाही आणि त्यातली गंमत कळायला त्याहून बराच वेळ लागतो, असे मुलांच्या भाषेचे अभ्यासक सांगतात. रेघोट्यांनी भरलेल्या भिंतीकडे पाहून ‘वा, छान रंगवलीस हं भिंत!’ म्हटले, तर चार वर्षांचे मूल एक तर खूश होते किंवा शब्द गोड आणि चेहरा रागीट पाहून गोंधळते. ‘भिंतीवर नाही, कागदावर काढायचं’ हे वाक्य तिथे जास्त कामाचे.

मोबाइलवर काय होते?

काकु म्हणजे सूर, आणि मेसेजमध्ये नेमका तोच गळून पडतो. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ईमेलवरच्या बोलण्यावर प्रयोग प्रसिद्ध केले. आपला मजकूर गंभीर आहे की उपरोधिक, हे समोरचा सुमारे 78 टक्के वेळा ओळखेल असे लिहिणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात ते सुमारे 56 टक्के वेळा ओळखले गेले, म्हणजे नाणे उडवून ठरवण्यापेक्षा थोडेच बरे. लिहिताना आपल्या डोक्यात आपला आवाज वाजत असतो, वाचणाऱ्याला तो ऐकू येत नाही.

ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकावरच्या संदेशांतली थट्टा लोक खरी मानू लागले, तेव्हा स्कॉट फालमन यांनी 19 सप्टेंबर 1982 रोजी विनोदाच्या पुढे विरामचिन्हांचा आडवा हसरा चेहरा टाकण्याची सूचना केली. आजच्या इमोजींच्या आधीचा हा टप्पा. पण हसरा चेहराही पुरतो असे नाही. फॅमिली ग्रुपवर मामांनी ‘वा, बरी आठवण झाली आमची!’ लिहून हसरा चेहरा टाकला, तर भाचीला ते प्रेम वाटेल की तक्रार? त्यात ग्रुपवर चाळीस जण वाचणारे. समोरासमोर दोघांत मिटली असती अशी कोपरखळी तिथे चारचौघांतला टोमणा होते.

लिहिलेला उपरोध जमतच नाही, असे मात्र नाही. पुणेरी पाट्या वाचून लोक हसतात, त्यांचे फोटो काढतात. पाटी तिरकसच असणार ही अपेक्षा वाचणाऱ्याच्या मनात आधीपासून असते आणि ती कोणा एकाचे नाव घेऊन लिहिलेली नसते. सामायिक अपेक्षा इथेही लागतेच.

मग टोमणे सोडून द्यावेत?

मुळीच नाही. उपरोध नसलेले घर, ऑफिस किंवा कट्टा कल्पनेतही रुक्ष वाटतो. सतत सरळ बोलणारी माणसेही कमी दुखावत नाहीत. पण बोलण्याआधी एक साधा प्रश्न विचारता येतो : यानेच मला असे म्हटले असते, तर चालले असते का? उत्तर ‘हो’ असेल, तर खुशाल बोलावे. उत्तर ‘याची काय बिशाद!’ असे असेल, तर तिथे सरळ आणि शांतपणे सांगणेच बरे.

ज्याच्या हातात अधिकार आहे, त्याला उपरोध वापरायचाच असेल तर एक सुरक्षित जागा मोकळी असते, ती म्हणजे स्वतःची. स्वतःच्या विसरभोळेपणावर हसणारे साहेब आणि स्वतःच्या स्वयंपाकाची फिरकी घेणाऱ्या सासूबाई इतरांना बोलायला मोकळीक देतात. मग कधीतरी खालूनही एखादी कोपरखळी वर येते. ती हसून घेता आली, तर त्या घरात किंवा ऑफिसात टोमण्यांची भीती बाळगायचे कारण उरत नाही.