स्वस्त कोणाला पडते? खासगीकरणाचा हिशेब आणि आपण

"सरकारी म्हणजे तोटा, खासगी म्हणजे नफा." हे वाक्य आता इतक्या वेळा ऐकू येते की आपल्या चळवळीतील शिकलेले तरुणही ते खरे मानू लागले आहेत. सरकारी नोकर कामचुकार, सरकारी सेवा महाग, म्हणून सगळे खासगी कंपन्यांकडे द्या, असा हा युक्तिवाद. त्याच दमात पुढचे वाक्यही येते: "आरक्षणामुळे सरकारी खाती बुडाली." ही दोन्ही वाक्ये एकाच पोटातून जन्मलेली आहेत, म्हणून त्यांना उत्तरही एकत्रच दिले पाहिजे.

पहिला प्रश्न हिशेबाचा आहे. खर्च कमी झाला असे कोणी म्हटले की आपण विचारायचे, तो कमी झाला की दुसऱ्या कोणाच्या अंगावर ढकलला?

आपली एसटी घ्या. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली. तेव्हापासून एसटी अशा गावांत जाते जिथे दिवसाला दहा प्रवासी मिळण्याची मारामार. विद्यार्थ्यांना पास, २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास, २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. हे सगळे निर्णय सरकारचे. सवलतीची भरपाई सरकारने महामंडळाला द्यायची असते. ती रखडली की ताळेबंदात तोटा दिसतो आणि बोट मात्र चालक-वाहकाच्या पगाराकडे दाखवले जाते. खासगी ट्रॅव्हल्सवाला गर्दीचा मार्ग निवडतो. एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडे घेऊ नये असा नियम असूनही दिवाळीत काय भाव चालतो ते तुम्हाला माहीत आहे. पाड्यावरच्या मुलीला तालुक्याच्या शाळेत नेण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. मग या दोघांची तुलना कोणत्या मापाने करायची? एकाच्या पाठीवर पोते आणि दुसरा मोकळा, आणि शर्यत मात्र बरोबरीची म्हणायची!

आता आपल्या जिवाशी जोडलेला विषय: सफाई. हे काम जातीने कोणाच्या वाट्याला आले ते सांगायला नको. महापालिकेतील कायम सफाई कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार मिळतात. त्यावर त्याच्या घरातील पुढची पिढी शिकली. मग "खर्च परवडत नाही" म्हणून ठेका आला. झाडू तोच, रस्ता तोच, बहुतेक वेळा जातही तीच. फक्त नोकरी गेली.

मुंबईत तर महापालिकेने या माणसांना आपले कामगार मानायलाच नकार दिला होता. कागदावर ते 'स्वयंसेवक' आणि त्यांचे वेतन म्हणजे 'मानधन'. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढा दिला. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा आदेश दिला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. त्यानंतरही नावातल्या आणि कागदपत्रांतल्या फरकावरून अनेकांना ताटकळत राहावे लागले. विचार करा, ज्या काळात हे कामगार 'स्वस्त' होते, त्या काळात वाचलेला पैसा कोणाचा होता? तो त्यांच्या पोटातून काढलेला होता. त्यांच्या मुलांची सुटलेली शाळा आणि उपचाराविना अंगावर काढलेली दुखणी कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिली गेली नाहीत.

गटारात गुदमरून मेलेल्या माणसाचेही तसेच. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. तरीही मृत्यू झाला की अधिकारी म्हणतो, "तो आमचा नव्हता, ठेकेदाराचा होता." ठेकेदारी स्वस्त का पडते याचे अर्धे उत्तर या एका वाक्यात आहे.

दुसरा प्रश्न जोखमीचा. खासगी कंपनी कार्यक्षम असते, कारण ती बुडू शकते, असे सांगतात. मग ती बुडते तेव्हा काय होते? २००९ मध्ये सत्यमचा घोटाळा उघड झाला, २०१२ मध्ये किंगफिशरची विमाने जमिनीवर आली, २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली. किंगफिशरला कर्ज देणाऱ्यांत स्टेट बँकेसह अनेक सरकारी बँका होत्या. मार्च २०२० मध्ये येस बँकेच्या खातेदारांना ५० हजारांच्या वर पैसे काढता येईनात, तेव्हा वाचवायला पुढे केली गेली ती सरकारी स्टेट बँकच. नफा होईल तेव्हा तो मालकाचा आणि बुडेल तेव्हा भार जनतेचा. ही कार्यक्षमता असेल, तर ती कोणालाही जमेल.

तिसरा प्रश्न गुणवत्तेचा. संविधानाच्या कलम ३३५ मध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या हक्कांबरोबर 'प्रशासनाची कार्यक्षमता' हा शब्दप्रयोग आहे. आपले विरोधक तो नेहमी पुढे करतात. पण पुरावा काय सांगतो? अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ या अर्थतज्ज्ञांनी भारतीय रेल्वेच्या १९८० ते २००२ या काळातील आकडेवारीचा अभ्यास केला. अनुसूचित जाती-जमातींचे कर्मचारी वाढल्याने उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट वरच्या पदांवर त्यांचे प्रमाण वाढल्याचा चांगला परिणाम काही ठिकाणी दिसला. आणि 'फक्त गुणवत्ता' पाहणारे खासगी क्षेत्र? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. दलित आडनाव असलेल्या अर्जांना मुलाखतीचे बोलावणे कमी आले. आडनाव पाहून लायक माणूस नाकारणे ही कसली कार्यक्षमता?

आता आपल्या बाजूचेही स्पष्ट बोलू. सार्वजनिक क्षेत्राचा बचाव म्हणजे लाचखोर बाबूचा बचाव नव्हे. जातीच्या दाखल्यासाठी खेटे घालायला लावणारा कारकून, आरोग्य केंद्रात न फिरकणारा डॉक्टर, शिष्यवृत्तीची फाइल दाबून ठेवणारा अधिकारी यांचा सर्वाधिक फटका आपल्याच वस्तीला बसतो. श्रीमंताला खासगी दवाखाना आहे, आपल्याला नाही. म्हणून सरकारी सेवा चांगली चालावी ही मागणी सर्वांत आधी आपली असली पाहिजे. पण जागा वर्षानुवर्षे रिक्त ठेवायच्या, चार माणसांचे काम एकाच्या गळ्यात घालायचे आणि मग "बघा, सरकारी काम कसे रेंगाळते" असे म्हणायचे, हा डाव ओळखा. आजारी पाडून मग मेला म्हणून जाहीर करण्याचा हा प्रकार आहे.

बाबासाहेबांना हे दिसत होते. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे संविधान सभेसाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि विमा ही राज्याची मक्तेदारी असावी अशी मांडणी केली. हे सारे संविधानातच लिहावे, म्हणजे येणारे-जाणारे बहुमत ते बदलू शकणार नाही, असा त्यांचा आग्रह होता. पोटासाठी ज्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते, त्याचे मूलभूत हक्क कागदावरच राहतात, हे त्यामागचे सूत्र. नोकरी जाईल या भीतीने गप्प बसणारा आजचा कंत्राटी कामगार म्हणजे त्याच सूत्राचा जिवंत पुरावा.

मग करायचे काय? आपल्या नगरपालिकेतील सफाई, सुरक्षा, पाणीपुरवठा यांचे ठेके माहितीच्या अधिकारात मागवा. पालिका ठेकेदाराला माणशी किती देते आणि कामगाराच्या हातात किती पडते, हे शेजारीशेजारी मांडा. भविष्यनिर्वाह निधी भरला का ते तपासा. ठेकेदाराने वेतन थकवले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे कामगारांना समजावून सांगा. रिक्त पदांची यादी काढून भरतीची मागणी करा. खासगी क्षेत्रातही आरक्षण मागा, पण ते मिळेपर्यंत हातात आहे ते निसटू देऊ नका. कलम १६(४) चे आरक्षण सरकारी पदाला लागू होते. पदच ठेक्यावर गेले, तर आरक्षण पुस्तकात राहील आणि नोकरी ठेकेदाराच्या मर्जीवर.

कोणी म्हणाले खासगी स्वस्त पडते, तर वाद घालू नका, फक्त वही काढा. आणि त्या वहीत झाडूवाल्या बाईचाही रकाना आहे का, ते विचारा.

जय भीम!