"कर्करोगावर औषध सापडले!" ही बातमी कशी वाचावी?



"कर्करोगावर रामबाण औषध सापडले" अशी बातमी अधूनमधून मोबाईलवर फिरत असते. ती दरवेळी खोटीच असते असं नाही. कुठल्यातरी प्रयोगशाळेत काहीतरी चांगलं घडलेलं असतं. पण प्रयोगशाळेतलं यश आणि दवाखान्यात मिळणारं औषध यांत केवढं अंतर असतं, हे आपण मुलांना शिकवत नाही. माझ्या मते ते पाचवी-सहावीपासूनच शिकवायला हवं.

आधी रोग समजून घेऊ. आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. पेशीने कधी विभागायचं आणि कधी थांबायचं, हे जनुकं ठरवतात. या जनुकांत बिघाड साचत गेले की पेशी थांबायचं विसरते आणि वाढतच राहते. हा बिघाड प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. म्हणून कर्करोग हा एक रोग नाही, शंभरहून अधिक रोगांना मिळून दिलेलं ते नाव आहे. मग सगळ्यांवर एकच औषध कसं चालेल?

आता एक खरी गोष्ट पाहा. १९६० मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात एक गुणसूत्र नेहमीपेक्षा लहान दिसलं. १९७३ मध्ये जेनेट राउली यांनी कारण दाखवलं: ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलले गेले होते. या अदलाबदलीतून तयार होणारं प्रथिन पेशीला सतत "वाढ, वाढ" असा हुकूम देतं, हे पुढे कळलं. ते प्रथिन अडवणारी इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेत मंजूर झाली २००१ मध्ये. म्हणजे पहिल्या निरीक्षणापासून ४१ वर्षांनी! पण या गोळीमुळे असंख्य रुग्ण आज वर्षानुवर्षे जगत आहेत.

दुसरं उदाहरण आपल्या मुंबईचं. कार-टी उपचारात रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी बाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवं जनुक घालतात आणि कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून 'नेक्सकार१९' हा उपचार तयार झाला. २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. परदेशापेक्षा तो पुष्कळ स्वस्त आहे, तरी खर्च लाखांतच जातो. आणि तो रक्ताच्या ठराविक कर्करोगांसाठीच आहे, तोंडाच्या किंवा स्तनाच्या नाही. बातमीच्या मथळ्यात मात्र फक्त "कर्करोग" एवढंच छापलेलं असतं.

म्हणून मुलांना तीन प्रश्न विचारायची सवय लावू या.

१. प्रयोग कशावर झाला? काचेच्या बशीतल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? बशीतल्या पेशी तर साबणाच्या पाण्यानेही मरतात!

२. कोणत्या कर्करोगावर झाला?

३. माणसांवर झाला असेल तर किती जणांवर, आणि आधीच्या उपचारापेक्षा फायदा झाला का?

हे प्रश्न परीक्षेसाठी नाहीत. मेसेज वाचून कोणी चालू असलेली केमोथेरपी मध्येच सोडली, तर हातातला वेळ निघून जातो आणि तो परत मिळत नाही. उलट, "हे सगळं थोतांड आहे" म्हणून डॉक्टरांकडे न जाणंही तितकंच घातक. विज्ञानावर विश्वास हवाच, पण तो प्रश्न विचारून ठेवलेला हवा.

वर्गात करून पाहा: मुलांना आरोग्याची एक बातमी कापून आणायला सांगा आणि तिला हे तीन प्रश्न लावा. उत्तर बातमीत सापडलं नाही, तर तिथे लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढायचं. मग तो कागद घरी न्यायला सांगा. मोठ्या माणसांनाही त्याची गरज आहे.