स्वस्त भाड्यासाठी नवे गावकूस पत्करू नका



नोकरीसाठी, बदलीमुळे किंवा मुलांच्या शिक्षणाकरिता नागपूर, अकोला, नांदेड, लातूर सोडून मुंबईची वाट धरणारी कुटुंबे आपल्या समाजात थोडी नाहीत. मुंबईतील भाडे आवाक्याबाहेरचे, म्हणून नजर सहजच दूरच्या उपनगरांकडे वळते. कल्याण, टिटवाळा, अंबरनाथ, बदलापूर, नालासोपारा, विरार, पनवेल. येथवर सारे रास्तच आहे. परंतु घर शोधावयास निघालेला आपला माणूस मनात दोनच प्रश्न घेऊन निघतो. सर्वांत कमी भाडे कोठे, आणि आपणास नाही म्हणणार नाहीत असे ठिकाण कोणते? हे दोन्ही प्रश्न सोडून द्या, असे आमचे तुम्हांस सांगणे आहे.

पहिल्या प्रश्नाचा हिशेब आधी पाहू. चर्चगेटपासून विरार सुमारे 60 किलोमीटर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण सुमारे 54, तर बदलापूर सुमारे 68. कल्याणला मध्य रेल्वेचा मार्ग दुभंगतो. एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे. त्या फाट्यांच्या पलीकडे लोकल गाड्या विरळ होतात, आणि एक गाडी चुकली की कामावरचा शेरा ठरलेला. म्हणून ज्याचे काम दादरला आहे त्याने टिटवाळ्याचे स्वस्त घर आणि कल्याणचे थोडे महाग घर यांची तुलना केवळ भाड्यावरून करू नये. ज्याची नोकरी अंधेरीला आहे त्याने तर कल्याणचा नाद सोडावा व पश्चिम मार्गावर वसई-विरारकडे पाहावे. पण आम्ही काय करतो? मावसभाऊ उल्हासनगरला आहे ना, मग आपणही तेथेच! मावसभाऊ चार दिवस जेवू घालील, परंतु पुढली दहा वर्षे रोज दादरला गाडी बदलावयाची ती तुम्हांलाच. आणि ज्याचे काम डोंबिवलीच्या अथवा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आहे, त्याने मुंबईच्या दिशेने सरकण्याचे कारणच काय?

रेल्वेचा मासिक पास त्या मानाने स्वस्त असतो. खिसा रिकामा होतो तो स्टेशनबाहेर. दलाल सांगतो, "स्टेशनपासून पाच मिनिटे." ही पाच मिनिटे रिक्षाची असतात, पायांची नव्हेत. घरातील जितकी माणसे रोज कामाला किंवा कॉलेजला जातात, तितक्यांचे जाण्यायेण्याचे रिक्षाचे पैसे महिनाभराचे जोडा आणि भाड्यात मिळवा. मग स्वस्त काय ते ठरवा.

आता दुसरा प्रश्न. तोच खरा घातक आहे. नकाराच्या भीतीने आपला माणूस अशा चाळीकडे, अशा इमारतीकडे वळतो की जेथे नाव-गाव कोणी विचारीत नाही. बांधवांनो, जेथे नाव विचारीत नाहीत तेथे पुष्कळदा कागदही देत नाहीत, कारण इमारतीलाच कागद नसतो. 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शिळ येथे बेकायदा बांधलेली इमारत कोसळली आणि 74 जीव गेले. जेथे सोय मिळाली तेथे डोके टेकणारी गरीब माणसे त्यांत होती. तेव्हा नगरपालिकेची बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र आहे काय, हे भाडे विचारण्यापूर्वी विचारा. विचारण्यात लाज कसली? पैसे तुमचे आहेत.

"नाव सांगू नका, आडनाव गाळा, घरात तसबीर लावू नका, म्हणजे घर मिळेल," असा उपदेश करणारे शहाणे आपल्यातही आहेत. त्यांनी बडोद्याची हकीकत आठवावी. 1917 साली परमपूज्य बाबासाहेबांना तेथे कोणी जागा देईना, म्हणून पारशी नावाने पारशांच्या उतारगृहात राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. परदेशातील विद्या त्यांच्यापाशी होती, दरबारची नोकरी होती, तरी उसन्या नावाखालचे छप्पर टिकले नाही. आणि त्या काळी त्यांच्या पाठीशी कायदा नव्हता. आज आहे. 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम 4 प्रमाणे, अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अडविणे हा गुन्हा असून, त्यास एक ते सहा महिने कैद आणि दंड अशी शिक्षा आहे.

कायद्याचा हात तोकडा पडतो, हेही आम्ही झाकून ठेवणार नाही. घरमालक "खोली आधीच दिली" म्हणतो आणि मोकळा होतो. "फक्त शाकाहारी कुटुंबास" या पाटीआड काय दडलेले असते ते तुम्ही जाणता. 2005 साली तर सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, केवळ पारशांनाच सभासद करण्याचा नियम वैध ठरविला. म्हणूनच तोंडी बोलण्यावर विसंबू नका. विचारणा मोबाईलवर लेखी करा, आलेले उत्तर जपून ठेवा, पाहणीस जाताना एक साक्षीदार बरोबर न्या. नकाराचे कारण कोणी स्पष्ट बोलून दाखविले तर तडक पोलीस ठाणे गाठा.

विहाराजवळ, आपल्या माणसांत राहावे की नाही? अवश्य राहावे, जर गाडी, पाणी आणि शाळा तेथे ठीक असेल तर. भीतीपोटी एका कोपऱ्यात गोळा व्हाल तर गावकुसाबाहेरची जागा शहरातही तुम्हीच आखून घ्याल.

घर पसंत पडले की भाडेकरार नोंदवून घ्या. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी असून नोंदलेला असला पाहिजे, आणि ही जबाबदारी मालकाची आहे, तुमची नव्हे. नोंदणी नसेल व तंटा उपस्थित झाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ही गोष्ट मालकास ठाऊक असते, भाडेकरूस नसते! शिवाय 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत वंचित व दुर्बल घटकांसाठी असलेल्या 25 टक्के जागांवर मुलांस प्रवेश हवा, तर भाड्याने राहणाऱ्यास नोंदणीकृत करारच दाखवावा लागतो. अनामत रक्कम द्याल तेव्हा पावती घ्या.

घर पाहावयास रविवारी दुपारी जाऊ नका. कामाच्या दिवशी सकाळी आठला त्या स्टेशनावर उभे राहून गाडीत पाय ठेवता येतो काय ते पाहा. पावसाळ्यात एक फेरी मारा. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकून पडली होती, तेव्हा तळमजल्याची खोली घेणाऱ्याने भिंतीवरील ओलीची रेघ नीट पाहावी. आणि घरातील स्त्रियांना बरोबर न्या. पाणी किती वाजता येते, किती वेळ राहते, टँकरचे पैसे कोण भरतो, हे शेजारणीकडून त्या दोन मिनिटांत काढून घेतील.