कलेक्टर सोडून बोला

२२ एप्रिल २०२५ च्या मंगळवारी केंद्रीय लोकसेवा आयोगाचा निकाल लागला आणि संध्याकाळ व्हायच्या आत आपण यवतमाळच्या अदिबा अनमला कलेक्टर करून टाकलं. देशात १४२वी आली पोरगी. महाराष्ट्रातली पहिली मुस्लिम महिला आयएएस, असे मथळे झाले. त्याच दुपारी पहलगामच्या दहशतवादी हल्ल्याची बातमी आली आणि बाकी सगळं आतल्या पानांत गेलं, तरी हे कौतुक टिकून राहिलं, याचा आनंदच आहे.

पण निकालाच्या दिवशी हातात फक्त क्रमांक येतो, हे या जागेवरून दरवर्षी लिहून माझा हात दुखला. त्या वर्षी यादी १००९ नावांची, आयएएसच्या जागा १८०. सेवा कोणती ते नंतर ठरतं, केडर त्याच्याही नंतर आणि जिल्ह्याची खुर्ची यायला कित्येक वर्षं जातात. आपल्याला तेवढा दम निघत नाही. आपल्या लेखी सरकारी नोकरीत दोनच पदं आहेत: कलेक्टर आणि शिपाई. लाल दिवा २०१७ च्या मे महिन्यात गाड्यांवरून उतरला, आपल्या डोक्यातला अजून फिरतोच आहे.

या कलेक्टरवेडाचा फटका परवीन तल्हा यांना बसला आहे, असं माझं मत आहे. पुरावा विचाराल तर एवढाच, की निकालाच्या रात्री ओळखीतल्या स्पर्धा परीक्षावाल्यांना हे नाव विचारलं, तर एकाने ‘कुठला जिल्हा होता?’ असा प्रश्न केला. जिल्हा नव्हताच. लखनौच्या या बाई १९६९ च्या तुकडीतून भारतीय महसूल सेवेत गेल्या. केंद्राच्या प्रथम वर्ग सेवांमध्ये आलेल्या त्या देशातल्या पहिल्या मुस्लिम महिला. त्याआधी त्या अर्थशास्त्र शिकवत होत्या.

आता जरा १८ वर्षं मागे चला. १९५१ साली अ‍ॅना राजम जॉर्ज परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखत मंडळासमोर बसल्या. पुढे अ‍ॅना राजम मल्होत्रा म्हणून ओळखल्या गेलेल्या, देशातल्या पहिल्या महिला आयएएस त्या याच बाई. मंडळाने त्यांना समजावलं, की परराष्ट्र सेवा घ्या, नाहीतर एखादी केंद्रीय सेवा घ्या. बायकांना ते बरं पडतं. त्यांनी ऐकलं नाही, मद्रास केडर मागून घेतलं. तिथे मुख्यमंत्री राजाजींनाही बाईला जिल्ह्यात पाठवणं पसंत नव्हतं, सचिवालयात बसवा म्हणाले. बाई भांडल्या आणि होसूरला उपजिल्हाधिकारी म्हणून गेल्या. नेमणुकीच्या कागदावर लग्न केल्यास नोकरी संपेल, अशी अट होती. असले नियम लवकर मेले, असं समजू नका. परराष्ट्र सेवेच्या १९६१ च्या नियमांत विवाहित स्त्रीला नेमणुकीचा हक्क नसल्याचं कलम होतं आणि त्याच सेवेतल्या सी. बी. मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या तेव्हा १९७९ उजाडलं होतं. तल्हा नोकरीत शिरल्या तेव्हा ते कलम पुस्तकात शाबूत होतं.

गंमत पुढेच आहे. मंडळाने १९५१ मध्ये ज्या केंद्रीय सेवा बायकांना सोयीच्या म्हणून पुढे केल्या, त्यांतल्याच एका सेवेत तल्हा गेल्या आणि वाट्याला काय आलं? अफू. केंद्रीय अमली पदार्थ विभागात काम करणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी. उत्तर प्रदेशच्या उपायुक्त.

हे काम काय असतं ते आपल्या वाचकाला ठाऊक असायचं कारण नाही. दिवाळीत अनारशावर थापतो ती खसखस अफूच्याच बोंडातली, इतपतच आपला संबंध. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि राजस्थानच्या ठरावीक पट्ट्यांत सरकारच्या परवान्याने अफू पिकते, औषधांसाठी. शेतकरी बोंडाला चिरा देतो, पाझरलेला चीक दुसऱ्या दिवशी सकाळी खरवडून घेतो आणि कायद्याने सगळा चीक सरकारलाच घालावा लागतो. गावोगाव एक लंबरदार असतो, त्याच्या देखरेखीखाली. तल्हांच्या काळात हेक्टरी किमान किती चीक घालायचा ते सरकार ठरवायचं. कमी पडला तर पुढच्या वर्षीचा परवाना जायची धास्ती असायची. तो माल गाझीपूर आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत जातो.

आता त्या किमानापेक्षा जास्त निघालेला चीक कुठे जायचा? सगळा धंदा या एका प्रश्नात आहे. सरकारी भाव आणि चोरट्या बाजारातला भाव यांची तुलनाच होत नाही. मोजणी करणारा, वजन करणारा, प्रत ठरवणारा, प्रत्येकाच्या हातात थोडीथोडी ढील असते आणि ती ढील विकत घ्यायला माणसं बसलेली असतात. लखनौच्या शेजारचा बाराबंकी जिल्हा या पिकासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या परवान्यांवर आणि तराजूवर नजर ठेवणारी वरिष्ठ अधिकारी एक बाई होती, हे डोळ्यांसमोर आणा आणि मग सांगा, होसूर अवघड की हे? मी तर म्हणेन, हे. उपजिल्हाधिकाऱ्याला निदान गाव ओळखतं, सलाम करतं. अफूखात्याच्या अधिकाऱ्याला ओळखतात ते तिची बदली व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेले.

अ‍ॅना राजम यांचंही आपण काही फार लक्षात ठेवलेलं नाही म्हणा. त्यांनी न्हावाशेवा बंदराची सूत्रं सांभाळली, २०१८ मध्ये मुंबईतच गेल्या. आपण मात्र ‘पहिली महिला आयएएस’ एवढं तीन शब्दांचं लेबल चिकटवून मोकळे.

तल्हा पुढे २००४ ते २००९ लोकसेवा आयोगाच्या सदस्य होत्या, म्हणजे मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडे. २०२० मध्ये एका हिंदी वाहिनीने मुसलमान पोरं प्रशासनात ‘घुसतात’ अशी मालिका चालवली आणि सर्वोच्च न्यायालयाला तिचे पुढचे भाग थांबवावे लागले, तेव्हा त्या वाहिनीला हे सांगायला कोणी गेलं नाही, की बाई पाच वर्षं पलीकडे बसून घुसणाऱ्यांना गुण देत होत्या, हिंदूंनाही.

२०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी पुस्तक आलं, ‘फिदा-ए-लखनऊ’, आपल्या शहराच्या आणि तिथल्या माणसांच्या गोष्टींचं. ते त्यांनी जरूर लिहावं. पण बाई, अफूच्या तराजूची हकिगतही लिहा ना. लखनौच्या तहजीबवर लिहिणारे पुष्कळ आहेत, लंबरदाराशी हिशेब करणारी पुस्तकं मला तरी कुठल्या दुकानात दिसलेली नाहीत.