छायाचित्रातली वधू

वयाने विजोड जोडपे म्हटले की मराठी माणसाला प्रथम आठवते ती ‘शारदा’. देवलांच्या १८९९ सालच्या त्या नाटकात कांचनभट पैशाच्या लोभाने आपली कोवळी कन्या जख्ख भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघतो. पुढे १९३७ मध्ये ‘प्रभात’ने ‘कुंकू’ काढला. त्यात शांता आपटे यांनी रंगवलेली नायिका, फसवून लावून दिलेल्या वृद्ध वकिलाला पती म्हणून स्वीकारण्याचेच नाकारते. दोन्ही ठिकाणी वयातील अंतर हा एक सौदा आहे, आणि त्या सौद्यात मुलीचे मत कोणी विचारलेले नाही. आपल्या व्यापारी समाजालाही हे अपरिचित नव्हते. ‘कन्याविक्रय’ या शब्दाचा अर्थ आपल्या आजोबांच्या पिढीला समजावून सांगावा लागत नसे.

या वेळी ज्या चित्रपटाविषयी लिहायचे आहे, त्यात असा सौदा नाही, लोभ नाही, सक्तीही नाही. बहुधा म्हणूनच त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. रितेश बत्रा दिग्दर्शित ‘फोटोग्राफ’ १५ मार्च २०१९ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी तो अमेरिकेतील सनडान्स आणि जर्मनीतील बर्लिन या महोत्सवांत दाखवला गेला होता. तरीही याच दिग्दर्शकाच्या ‘द लंचबॉक्स’चा २०१३ मध्ये जेवढा बोलबाला झाला, त्याच्या पासंगालाही हा पुरला नाही.

कथा साधी आहे. रफी हा गेटवे ऑफ इंडियासमोर पर्यटकांची छायाचित्रे काढून जागच्या जागी छापून देणारा फोटोग्राफर. उत्तर प्रदेशातील गाव सोडून तो मुंबईत आला आहे, चार-पाच सोबत्यांबरोबर एका खोलीत राहतो. वडिलांच्या माघारी राहिलेले कर्ज फेडायचे आहे, त्यामुळे स्वतःचे लग्न राहूनच गेले आहे. गावाकडची आजी हट्टाला पेटते आणि औषधे घेणे बंद करते. तिला शांत करण्यासाठी रफी एका अनोळखी मुलीचे, पैसे न देताच निघून गेलेल्या गिऱ्हाइकाचे, छायाचित्र पाठवून देतो आणि ‘हीच तुझी होणारी सून’ असे कळवतो. आजी अर्थातच सून पाहायला मुंबईत येऊन थडकते.

ती मुलगी मिलोनी. गुजराती मध्यमवर्गीय घरातली, सी.ए.चा अभ्यास करणारी आणि इतकी हुशार, की शिकवणीच्या वर्गाच्या जाहिरातफलकावर तिचा चेहरा झळकतो आहे. तिच्या पहिल्याच दृश्यांपैकी एक कापडाच्या दुकानातले आहे. कपडे तिच्यासाठी घ्यायचे आहेत, पण रंग कोणता यावर घरच्यांचीच चर्चा चालली आहे आणि ती मुकाट उभी आहे. आपल्यापैकी ज्यांचे आयुष्य कापडाच्या गादीवर गेले, त्यांनी असे दृश्य गल्ल्यावर बसून शेकडो वेळा पाहिले असेल. विकणाऱ्याची नजर नेहमी पैसे देणाऱ्याकडे असते, नेसणारीकडे नव्हे. दिग्दर्शकाने मात्र कॅमेरा नेसणारीवर ठेवला आहे.

मिलोनी ‘होणारी सून’ होण्याचे नाटक करायला तयार का होते, हे चित्रपट कोठेही शब्दांत सांगत नाही. काही समीक्षकांना हा दोष वाटला. मला तो गुण वाटतो. त्या छायाचित्रात तिला स्वतःचा असा एक चेहरा दिसला आहे, जो घरच्या आरशात तिला दिसत नसावा, एवढे आपण ताडू शकतो. नवाजुद्दीन सिद्दीकी आणि सान्या मल्होत्रा या दोघांच्या वयांत प्रत्यक्षात अठरा वर्षांचे अंतर आहे, आणि पडद्यावरही ते लपवण्याचा प्रयत्न नाही. दोघे बसमधून जातात, थोडे बोलतात, बरेच गप्प राहतात. लहानपणी आजोबांबरोबर प्यायलेले कॅम्पा कोला हे तिचे आवडते पेय. ते बाजारातून कधीच दिसेनासे झालेले. रफी त्या बाटलीच्या शोधात मुंबई पालथी घालतो. (आता एका बड्या उद्योगसमूहाने ते नाव पुन्हा बाजारात आणले आहे, हे आपल्या वितरक वाचकांना ठाऊक आहेच.) तिला कोणी आजवर ‘तुला काय आवडते’ असे विचारलेच नव्हते, हा विचारतो आणि उत्तर लक्षातही ठेवतो.

आजीची भूमिका फर्रुख जाफर यांनी अशी केली आहे की हसू आणि कणव एकाच वेळी यावी. हट्टी, तिखट जिभेची, पण माणूस ओळखणारी. मिलोनीच्या घरातील मोलकरणीच्या लहानशा भूमिकेत आपल्या गीतांजली कुलकर्णी आहेत; ‘कोर्ट’मधील सरकारी वकील पाहिलेल्यांना त्या ओळखू येणार नाहीत, इतक्या त्या बदलल्या आहेत.

हे सारे रत्नागिरीत बसून लिहिताना एक जुनी हकीकत आठवल्यावाचून राहत नाही. पदच्युत ब्रह्मी राजा थिबा १८८६ मध्ये येथे आणला गेला आणि १९१६ मध्ये येथेच वारला. त्याची थोरली कन्या आणि राजवाड्यावरचा दरवान गोपाळ सावंत यांचे संबंध या गावाने पाहिले. सावंत आधीच विवाहित होता. राजकुटुंब ब्रह्मदेशी गेल्यावरही ती राजकन्या येथे परतली, आणि तिच्या वाट्याला दारिद्र्यच आले. विजोड प्रेमाला गोड शेवट असतोच असे नाही, हे या गावाला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

आणि आजचा प्रश्न? राम आळीत किंवा चिपळूण-राजापूरच्या बाजारात, वडिलांचे देणे फेडत, बहिणींची लग्ने करून देत पस्तिशी-चाळिशी गाठलेले तरुण आपल्याच घरांत आहेत. दुकान चोख, सचोटीला खोट नाही, पण बायोडाट्यावर जन्मसाल दिसले की समोरचा पक्ष कागद मिटून ठेवतो. इकडे सी.ए. झालेल्या आपल्या मुलींना लहान गावात यायचे नसते, आणि त्यांचे म्हणणे सरळ चुकीचे ठरवण्याचा अधिकार मला तरी कोणी दिलेला नाही. परिचय मेळाव्यात दोन मिनिटांत नाव, गोत्र, पगार आणि उंची सांगून होते. त्या दोन मिनिटांत रफीसारखा मनुष्य काय सांगणार?

रफी मुसलमान आहे, मिलोनी नाही. अनेक वाचकांना येथेच चित्रपट थांबवावासा वाटेल, हे मी जाणून आहे. दिग्दर्शक या मुद्द्यावर भाषण देत नाही; धर्म, वय, रंग, पैसा ही सारी अंतरे तो एकाच शांतपणे दाखवतो. त्यांतले कोणते ओलांडता येईल आणि कोणते नाही, यावर घरात मतभेद होतील. वीस वर्षांची नात आणि तिची आजी यांनी हा चित्रपट एकत्र पाहिला, तर ते मतभेद निदान उघडपणे बोलले तरी जातील.

एक उणीव सांगायला हवी. मध्यंतरानंतर कथेची गती फारच मंदावते, आणि खोलीत पूर्वी गळफास घेतलेल्या मनुष्याच्या भुताचा प्रसंग, विजय राज यांच्या अभिनयाने कितीही रंगला तरी, वेगळ्याच चित्रपटातून आल्यासारखा वाटतो.

शेवटी दोघे एका चित्रपटगृहात आहेत. मिलोनी खेळ अर्धाच सोडून बाहेर येते; तिच्या मागोमाग रफीही येतो. पडद्यावरची गोष्ट पुढे कशी जाणार, हे तो तिला तेथेच सांगू लागतो, कारण अशा गोष्टी नेहमी सारख्याच असतात. मुलीकडचे लोक काय म्हणणार, हे त्याला पाठ आहे. ती ऐकत उभी असते.