पट्टा आणि पोथी

लंडनहून तीन वर्षांच्या बोलीने आलेली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. ती शिवरायांचीच का, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. त्याच वर्षी दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र ठरला. तो चालवावा कसा, ही चर्चा मात्र आमच्या कानी आली नाही.

खोबळ्यात हात कोपरापर्यंत कोंडला की मनगट वळत नाही. वार खांद्यातून, कमरेतून, पावलांतून काढावा लागतो. ही विद्या शस्त्रात नसते, वस्तादाच्या अंगात असते, त्याच्याबरोबर जातेही.

कोरियाच्या जोंगजो राजाच्या आज्ञेने १७९० साली 'मुये दोबो तोंगजी' हा सचित्र युद्धविद्याग्रंथ सिद्ध झाला. यी दोक-मू व पाक जे-गा हे विद्वान आणि पेक दोंग-सू हा योद्धा त्यासाठी एकत्र बसले. १५९२ साली चालून आलेल्या जपान्यांची तलवारबाजीही त्यांनी त्यात नोंदवली. त्या आधारे तेथे लोपलेले हात आज पुन्हा बसवले जातात.

सातारा-सांगलीत मर्दानी खेळ जाणणारे आहेत आणि महाविद्यालयांत मराठीचे विभागही आहेत. आमचे म्हणणे इतकेच, की साहित्याच्या विद्यार्थ्याने वही घेऊन वस्तादासमोर बसावे. पट्टा, लाठी, फरीगदगा यांचे पवित्रे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावेत. भाषेच्या अभ्यासाचेच हे काम आहे.